तुझ्या शपथेवर वाचलेला पाय

आक्का,

तुझ्या दहाव्याला आलेल्या बायका माझ्या पायाकडं बघत होत्या. मी चपला काढून नदीच्या घोटाभर पाण्यात उभा होतो आणि काठावर बसलेली एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, "ह्योच तिचा भाऊ. दाक्तर पाय कापणार हुता, तर हिनं कापू दिला न्हाय." शेजारीण माझ्या डाव्या पायाची बोटं मोजत असावी. चारच आहेत. मी पाय जरा खोल पाण्यात सरकवला.

कावळा लवकर शिवला. दाजी म्हणाले, "तिचं काय मागं ऱ्हायलं न्हाय. सुटली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला डोलावता आली नाही. तुझं काही मागं राहिलं नसेलही. माझं राहिलंय, आणि ते तुझ्यापाशीच आहे.

तुला वाचता येत नव्हतं. तिसरीतून काढून आबांनी तुला मेंढरांमागं नेलं होतं. तू असतीस तर हे मला तुझ्यासमोर बसून मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती हे पाच वर्षांत सिद्धच झालंय. म्हणून आता लिहितोय.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू चौदाची. वरकुट्याच्या माळावर आबांची मेंढरं पुढं, मागं तू, आणि तुझ्या पाठीवर लुगड्याच्या धडप्यात बांधलेला मी. दोन वर्षांनी तुझं लग्न ठरलं तेव्हा तू हळद लावायला आलेल्या बायकांना थांबवलंस आणि म्हणालीस, "भान्या माझ्यासंगं येणार आसंल तर लावा, न्हायतर ऱ्हाऊ द्या." दाजी भले माणूस. नवरीबरोबर सहा वर्षांचं पोर घेऊन कळंबला आले. तुला स्वतःचं मूल व्हायला त्यानंतर आठ वर्षं लागली. सुरेखा झाली, एकुलती एक, किती नवस बोलल्यावर झाली ते गावाला माहीत आहे. तोवर तुझं थोरलं लेकरू मीच होतो, आणि खरं तर त्यानंतरही.

तू मला शाळेत घातलंस, आयटीआयला घातलंस. लोणी देवकरच्या माळावर तेव्हा मोजकीच शेडं उभी होती, त्यातल्या एकात मला लेथवर नोकरी लागली. तू पेढे वाटलेस. विडी मी सोळाव्या वर्षीच, वरकुट्याला गेलो की आबांच्या बंडलातून चोरून, शिकलो होतो. लेथवर उभं राहून दिवसाला दोन बंडलं जायला लागली. तुला ते आवडत नव्हतं, पण तू स्वतः उठल्याबरोबर मशेरीची डबी उघडायचीस, त्यामुळं तुला बोलता येत नव्हतं.

त्र्याण्णव साली गेटपासून शेडपर्यंत चालताना डाव्या तळव्यात पेटके यायला लागले. मग पोटरी वळायची. थांबलो की दोन मिनिटांत जायचं, चाललो की परत. सव्वीस वर्षांचा मी, आणि गेटवरचा साठीचा वॉचमन मला ओलांडून पुढं जायचा. कुणी वात म्हणालं, कुणी शीर दबली म्हणालं. गोळ्या खाल्ल्या, तेल लावलं. पुढं करंगळीच्या नखाशेजारी एक फोड आला, तो भरेचना. पाय खाली सोडला की जांभळा, वर घेतला की पांढराफट्ट. झोपलं की इतका ठणकायचा की मी खाटेवरून पाय लोंबकळत ठेवूनच पडायचो. शेवटी सुट्टी टाकून कळंबला तुझ्याकडं आलो. तू पाय हातात घेतलास आणि लगेच सोडलास. "आरं, ह्यो तर मढ्यावानी गार हाय," म्हणालीस, आणि चुलीवरची भाकरी तशीच टाकून उठलीस.

बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या घोट्याच्या आत, हाडामागं, बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग तुला बोलावलं, तुझं बोट धरून माझ्या उजव्या पायाला लावलं आणि विचारलं, "ठोका लागतोय?" तू म्हणालीस, व्हय. मग डाव्या पायाला लावलं. तू डोळे मिटून बोट दाबून धरलंस. तुझ्या तोंडाकडं बघूनच मला कळलं की तिथं काही लागत नाही.

पुण्याला पाठवून नसेत रंग सोडून फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मांडीतून येणारी रक्ताची नस गुडघ्याखाली एका ठिकाणी तुटल्यासारखी संपत होती, आणि त्याच्या खाली नुसते बारीक पिळदार धागे, स्प्रिंग ताणल्यासारखे.

"हा तरण्या माणसांचा आजार आहे," ते म्हणाले, "आणि तो तंबाखूवर जगतो. बंद झालेली नस आता उघडणार नाही. पण हे धागे बघा. शरीर स्वतःच आजूबाजूनं नव्या वाटा काढतंय. तंबाखू पूर्ण थांबला तर या रुंद होतील आणि पाय जगेल. दिवसाला एक विडी ओढलीत तरी या वाटा मिटतील. निम्मं सोडणं म्हणजे न सोडणं, एवढं लक्षात ठेवा."

तू फोटोकडं बघून म्हणालीस, "म्हंजी मोठा पाट बुजला तरी चाऱ्यांनी रान भिजतंय." डॉक्टर हसले आणि म्हणाले, बाई, तुम्हाला बरोबर समजलं.

मला काहीच समजून घ्यायचं नव्हतं. एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलो आणि मला विडीची तलफ आली तसं मी खिशातलं बंडल काढलं. तू नको म्हणालीस. मी चिडलो. "सोपं हाय का सोडणं? तू सोड की तुझी मशेरी, मग मला सांग." मला वाटलं होतं तू गप्प बसशील. तू कनवटीची डबी काढलीस, उठलीस, स्टँडमागच्या गटारीत ती फेकलीस आणि येऊन बसलीस. "सोडली. आता तू."

वीस वर्षांची सवय होती तुझी. आठ दिवस तू डोक्याला फडकं बांधून फिरत होतीस. सुरेखावर खेकसत होतीस. सकाळी पोट साफ होत नव्हतं म्हणून गरम पाण्याचे तांबे पीत होतीस आणि मला सांगत होतीस, "तुझ्या पायापायी माझं सगळंच तुंबलं." आपण दोघं हसलो होतो त्यावर. दाजींनीही चुन्याची डबी घराबाहेर टाकली. तीन आठवड्यांत माझी जखम कडेनं कोरडी व्हायला लागली.

आता ते सांगतो.

चौथ्या आठवड्यात मी मोटारीच्या खोलीवर गेलो होतो, वीज आली का बघायला. तिथं पाणी द्यायला आलेला कुणीतरी बंडल विसरून गेला होता. मी एक ओढली. वाटलं, जखम तर भरतेच आहे, एकानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. बंडल संपल्यावर पुलाच्या टपरीवरून आणवलं आणि खोलीच्या भिंतीतल्या फटीत ठेवलं. ओढून झाली की पेरूचा पाला चघळायचो. तू घरात मशेरीवाचून दिवस काढत होतीस, आणि मी दोनशे पावलांवर, लंगडत जाऊन, धूर काढत होतो. दोन महिने. दिवसाला एक, मग दोन, मग मी मोजणं सोडलं.

करंगळी काळी पडली. काळेपणा तळव्याकडं उतरायला लागला आणि वास यायला लागला. तू रोज कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचीस, डॉक्टरांनी दिलेली पट्टी बांधायचीस आणि म्हणायचीस, "काय चुकतंय आपलं? सगळं तर करतोय." 'आपलं' म्हणायचीस.

परत बारामती. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "मला खरं सांगा. विडी चालू आहे? तुमच्या उत्तरावर पुढचं सगळं आहे. पूर्ण बंद असेल तर मी फक्त हे बोट काढतो आणि थांबतो, बाकीच्या पायाला सावरायला वेळ देतो. चालू असेल तर थांबण्यात अर्थ नाही. विष वर चढेल, जिवावर बेतेल. मग आत्ताच गुडघ्याखाली काढलेला बरा."

मला ठणका सहन होत नव्हता. मी म्हणालो, "कापा. सगळाच कापा. मला नको ह्यो पाय."

"मी विडीचं विचारलं."

"न्हाय वढत."

त्यांनी माझा उजवा हात उलटा केला आणि बोटांकडं बघितलं. मी हात मागं घेतला. तेव्हा तू पुढं झालीस. अंगावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होतास.

"दाक्तर, मला एकच पोर हाय. नवसाची. तिच्या डोस्क्याची आन घिऊन सांगते, ह्या तीन महिन्यांत ह्येनं विडी तोंडाला लावली न्हाय. तुमी बोट काढा. पाय ऱ्हाऊ द्या."

खोलीत फिनेलचा वास होता. बाहेर कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. डॉक्टर तुझ्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मी जमिनीकडं बघत होतो. माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा चार विड्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या.

"ठीक आहे, बाई," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर थांबतो."

मी बोलायला हवं होतं. आक्का, त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर पाय गेला असता, पण सुरेखाच्या डोक्यावर खोटी आन राहिली नसती. मी बोललो नाही. माझा पाय वाचावा म्हणून गप्प बसलो असंही नाही, कारण मला तर तो नकोच होता. तुझ्यासमोर उघडा पडायची लाज वाटली, एवढंच. त्या लाजेपायी मी एका बारा वर्षांच्या पोरीला पणाला लागू दिलं.

त्या विड्या मी दवाखान्याच्या संडासात टाकल्या. त्यानंतर आजतागायत एकही नाही. लोक विचारतात, कशी सुटली? मी सांगतो, पायासाठी. खोटं आहे. सुरेखाला शिंक आली तरी मी उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायचो. त्या वर्षी तिला ताप आला तेव्हा मी तिच्या उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत होतो आणि तू बायकांना कौतुकानं सांगत होतीस, "मामाचा लई जीव हाय तिच्यावर." मी मशिनीवर काम करणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी बसलो होतो.

बोट गेलं, त्याची जखम भरायला दोन महिने लागले, आणि मग तू मला चालवायला सुरुवात केलीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, दुखणं गेलं की परत चाला. कॅनॉलच्या कडेनं विजेचे खांब होते. पहिल्या दिवशी मी दोन खांबांच्या मध्येच थांबलो आणि रडलो. उभी राहिलीस, इकडंतिकडं बघत, जसं काही तुलाच तिथं थांबायचं होतं. मग म्हणालीस, "लंगडं मेंढरू हाणलं की बसतंय. थांबू दिलं की आपसूक चालतंय. चल, निघालं आसंल दुखणं."

रोज सकाळी, भाकरी करून, धारा काढून तू चपला घालून दारात उभी असायचीस. एक खांब, थांबा. दुसरा, थांबा. उसाला पाणी देणारे लोक हसायचे. कुणी विचारलं, "पारूबाय, भावाला कुठं निघालायसा घिऊन?" तर तू म्हणायचीस, "पायाला रगात आणाया." तीन महिन्यांनी पाच खांब झाले. पावसाळा संपला तेव्हा अकरा.

आणि एकदा आपलं भांडण झालं, तेही तिथंच. थंडीचे दिवस होते, कापलेल्या जागी कळ येत होती आणि मी खांबाला टेकून तुझ्यावर ओरडलो. "पाय माझा हुता. म्या कापा म्हनलो हुतो. तू कोण ठरवणार?"

तू म्हणालीस, "तुझाच हुता. पर त्येला चालाया म्या शिकवलंय."

मी घराकडं वळलो, तू मागनं आलीस. दुसऱ्या दिवशी तू तशीच चपला घालून दारात होतीस, आणि तो विषय तिथंच राहिला. मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही. तू बरोबर होतीस हे पायानं दाखवून दिलं. पण माझं एवढंच म्हणणं होतं की तू मला विचारलं नाहीस. आता हे कुणाशी भांडू?

वर्षभरानं एकदा माझ्या पायाला तेल लावताना तू थबकलीस. "आरं, धग हाय ह्याला." मग नडगी उजेडाकडं वळवून बघितलीस आणि ओरडलीस, "सुरेखा, हिकडं ये! मामाच्या पायाला केस आल्यात!" कोवळे, विरळ केस. आजारात सगळे झडून गेले होते. तू शेजारच्या तीन बायकांना बोलावून दाखवलंस. मी पाय झाकून घेत होतो आणि तू हात बाजूला करत होतीस. डॉक्टरांनीही ते केस बघितले, पाय हातात धरला, खूश झाले. घोट्यामागं ठोका मात्र लागला नाही. तो कधीच लागणार नाही, त्याची गरजही नाही, ते म्हणाले. बारीक वाटांनी रक्त पोचतंय, पुरेसं पोचतंय. तुला तेवढं पटलं नाही. तू येता-जाता तिथं बोट ठेवून बघायचीस. "एक दिवस लागंल," म्हणायचीस.

मी लोणीला कामावर परत गेलो. गेट ते शेड, न थांबता. शहाण्णवला माझं लग्न झालं, तूच मुलगी बघितलीस. आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या खोलीवर जेवायला आलीस तेव्हाचं मला रोज आठवतं. दोन घास खाऊन तू हात थांबवलास आणि गालावर हात ठेवलास. "तोंड आलंय गं बाई. मिरची लई झोंबती."

मी हसून म्हणालो, "नव्या भावजयीच्या हातचं तिखट लागतंयच." सगळे हसले. तूही हसलीस, आणि दही-भात खाल्लास.

मी हसलो, आक्का. तंबाखू अंगात शिरून काय करतो हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याच अंगात ते झालं होतं. तू वीस वर्षं मशेरी ओठाआड धरलीस हे मला माहीत होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, तोंड उघड, बघू दे. तू सोडलीस, म्हणजे संपलं, असं मी धरून चाललो. माझ्या पायासाठी सोडलीस तेव्हाच त्या कॅन्सरचा पहिला पांढरा चट्टा गालाच्या आत कुठंतरी असेल का? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ते मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाले असणार.

गाठ बाहेरून दिसायला लागली तेव्हा उशीर झाला होता. पुण्याच्या फेऱ्या झाल्या. शेवटी तुझं तोंड दोन बोटांएवढंही उघडत नव्हतं आणि बोलणं थांबलं. कळंबला परत आणलं. मी रजा काढून आलो, तुझ्या खाटेशी बसलो, आणि रोज ठरवायचो की आज सांगतो. बारामतीच्या त्या खोलीतलं. तुझ्या डोळ्यांकडं बघितलं की शब्द मागं जायचे. मला भीती होती की तू ऐकून घेशील आणि काही म्हणू शकणार नाहीस. न बोलता येणाऱ्या माणसाला असं काही सांगणं म्हणजे त्याला बांधून मारणं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी खाटेवर तुझ्या पायाशी बसलो होतो. तू हात लांबवलास. मला वाटलं, पाणी हवं. तू मान हलवलीस. तुझा हात माझ्या डाव्या पायाकडं आला, चाचपडत घोट्याच्या आत, हाडामागं गेला आणि बोट तिथं दाबून राहिलं. तू डोळे मिटलेस. मी श्वास धरून बसलो, जणू मी हललो नाही तर तुला काही लागेल. किती वेळ गेला माहीत नाही. तू बोट काढलंस आणि माझ्याकडं बघितलंस, पण त्या बघण्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही. लागला, असं तुला वाटलं का? की नाही लागला म्हणून मला सोडून दिलंस?

चार दिवसांनी तू गेलीस.

तेव्हापासून मला एकच विचार धरून बसलाय. खोटी आन सुरेखावर यायची ती तूच मध्ये घेतलीस का? त्यात अर्थ नाही हे मला कळतं. तरी दहा दिवस कॅनॉलवर एकटा चालताना प्रत्येक खांबाशी माझा पाय थांबतो. दुखत काही नाही. मागं तुझ्या चपलांचा आवाज होतो आणि तोही थांबतो. नसलेली करंगळी इतकी खाजते की मी दोनदा रस्त्यावर बसून चप्पल काढली. मागं वळून बघायची हिंमत मात्र झालेली नाही.

हे सगळं आज सकाळी सुरेखाला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. पाहुणे गेले होते, दाजी रानात होते. मी परसदारी तोंड धुवायला गेलो तर ती पायरीवर बसली होती, बोट तोंडात, आणि शेजारी डबी. सतरा वर्षांची पोर, आक्का. मला बघून तिनं डबी पदराखाली ओढली.

"कुणी दिली?"

"चुलतीनं. रडून रडून डोकं दुखत हुतं. चारच दिस झालं, मामा."

मी तिच्याशेजारी बसलो. आधी मला रागवायचं होतं. ते जमेना, कारण माझ्या तोंडून भलतंच सुरू झालं. मोटारीची खोली, भिंतीतली फट, पेरूचा पाला. डॉक्टरांची खोली. तुझे पदर धरलेले हात. "तुझ्या आईनं तुझ्या डोक्याची खोटी आन घेतली," मी म्हणालो, "आन् ती खोटी हाय हे फकस्त मला ठावं हुतं. म्या तिला सांगितलं न्हाय. शेवटपतूर न्हाय."

सुरेखानं पदराखालची डबी बाहेर काढून हातात धरली. मग म्हणाली, "मामा, तुमी बारामतीला दवाखान्यात हुता आन् आई एकलीच कपडे न्यायला घरी आली हुती. त्यो दिवस मला चांगला याद हाय. आल्या आल्या तिनं मला चुलीम्होरं बसवलं. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या. माझी दृष्ट काढली. एकदा न्हाय, तीनदा. म्या इचारलं, मला काय झालंय? तर म्हनली, तुला काय न्हाय झालं, म्या खोटं बोलून आलीया."

मी विचारलं, "तिला ठावं हुतं?"

"पेरूच्या झाडाची एका बाजूची पानं तुमी वरबाडून काढली हुती," सुरेखा म्हणाली. "तिला कळणार न्हाय व्हय?"

"मग मला बोलली का न्हाय?"

"म्या बी तेच इचारलं. म्हनली, बोलली तर भांडंल आन् लपून वढंल. आता तुझ्यावर आन हाय म्हनल्यावर त्यो वढणार न्हाय. मला म्हायती हाय त्यो. म्याच वाढवलाय."

ती डोळे पुसायला लागली. मी तिच्या हातातली डबी घेतली नाही. तिनंच ती माझ्या बाजूला सरकवली.

म्हणजे तू जाणून बोललीस. स्वतःची एकुलती एक पोर तू माझ्या इमानावर ठेवलीस, तेही इमान माझ्यात आहे की नाही हे मलाच माहीत नसताना. वर्षभर माझ्याबरोबर खांबाखांबानं चाललीस आणि पाच वर्षांत एकदाही त्याचं नाव काढलं नाहीस. मी तुझ्यावर चिडू का, तुझ्या पाया पडू, मला अजून ठरवता येत नाही. मी ओढली असती तर? आक्का, मी ओढली असती तर तू काय केलं असतंस?

ऊन पायरीवर आलं होतं. मी सुरेखाला म्हणालो, चूळ भर. तिनं भरली. काळं पाणी दगडावरून वाहून गेलं.

"आता हिकडं बस. उजेडाकडं. तोंड उघड."

"मामा, चारच दिस…"

"उघड."

तिनं उघडलं. मी हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. आधी एक गाल बोटानं ओढून बघितला, मग दुसरा. जीभ वर करायला लावली. खालचा ओठ उलटा करून हिरडीच्या बुडापर्यंत बघितलं. सगळं ओलं, लालसर, कोवळं होतं. कुठं पांढरा ठिपका नाही, कुठं चट्टा नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, सावकाश. तिचा जबडा दुखत असणार. ती तोंड उघडं ठेवून बसून राहिली.